पडद्यावरचे जग

नाशिकपासून सुमारे अठरा मैलांवर, ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी त्र्यंबकेश्वर हे प्राचीन क्षेत्र वसलेले आहे. गोदावरी याच डोंगरावर उगम पावते आणि बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक ज्योतिर्लिंग याच गावी आहे. अशा या पुण्यक्षेत्री ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. पुढे अवघा देश त्यांना दादासाहेब फाळके या नावाने ओळखू लागला. त्यांचे वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे व्यासंगी पंडित होते. पुढे त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकविण्याचे काम मिळाले आणि फाळके कुटुंब मुंबईस येऊन राहिले.

त्या काळी रामायण-महाभारतातील कथा लोकांना मुख्यतः कानांनीच कळत. देवळात कीर्तनकार उभा राहिला आणि टाळमृदंगाच्या साथीत त्याने हरिश्चंद्राचे आख्यान लावले, की श्रोत्यांच्या मनश्चक्षूंपुढे स्मशानघाट उभा राही. प्रत्येकाच्या मनातील तो घाट मात्र निराळा असे. नाशिककडच्या श्रोत्याला त्या ठिकाणी गोदाकाठ दिसे, तर कोकणातील श्रोत्याला आपल्याच गावची खाडी दिसे. डोळ्यांना देवाचे दर्शन घडे ते गाभाऱ्यातील मूर्तीत. परंतु ती मूर्ती निश्चल असे. कानांनी ऐकलेला देव बोलत असे, चालत असे आणि राक्षसांशी झुंजत असे. डोळ्यांना दिसलेला देव मात्र जागचा हलत नसे. या दोहोंमधील अंतर भरून काढण्याचे कार्य पुढे धुंडिराजाच्या हातून व्हावयाचे होते.

लहानपणापासून धुंडिराजाचा ओढा चित्रकलेकडे होता. इ. स. १८८५ मध्ये त्याने मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. नंतर तो आपल्या वडील बंधूंबरोबर बडोद्यास गेला. सयाजीराव गायकवाड महाराजांच्या आश्रयाने तेथे कलाभवन ही संस्था उदयास आली होती आणि प्राध्यापक गज्जर हे तिचे चालक होते. या संस्थेत धुंडिराजाने तैलचित्रण, जलरंगचित्रण, शिल्पाकृती घडविणे आणि छायाचित्रण अशा अनेक कला आत्मसात केल्या. चित्राचे ठसे तयार करून ते छापण्याची विद्याही त्याने हस्तगत केली. एका कलेवर संतुष्ट राहणे हे त्याच्या स्वभावातच नव्हते. चित्र काढता येऊ लागले, तेव्हा ते यंत्राने कसे उतरवावे हे त्याला शिकावेसे वाटले. यंत्राने उतरविता येऊ लागले, तेव्हा त्याच्या हजार प्रती कशा काढाव्या याचा तो विचार करू लागला.

शिक्षण संपल्यावर फाळके यांनी छायाचित्रकाराचा व्यवसाय सुरू केला. पण त्यात त्यांचा जम बसला नाही. छायाचित्र काढून घेतल्याने माणसाची शक्ती त्या यंत्रात शोषली जाते आणि आयुष्य घटते, अशी समजूत तेव्हा पुष्कळांच्या मनात घर करून होती. तिचा फटका त्यांच्या धंद्यालाही बसला. कागदावरील एका निर्जीव चित्राला लोक एवढे भितात, यावरून चित्राचे सामर्थ्य किती मोठे असते याचा प्रत्यय त्यांना आलाच असेल. याच सुमारास एका जर्मन जादूगाराशी त्यांचा परिचय झाला आणि त्याच्यापासून ते हातचलाखीचे प्रयोग शिकले. स्वतःच्या आडनावाची अक्षरे उलटी करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते जादूचे खेळ करीत. प्रेक्षकाची नजर नेमकी कोठे खिळवावी आणि कोणत्या क्षणी दुसरीकडे वळवावी, याचे शिक्षण त्यांना या खेळांतूनच मिळाले.

इ. स. १९०३ मध्ये पुराणवस्तू संशोधन खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून त्यांना सरकारी नोकरी मिळाली. नोकरी चांगली होती. परंतु १९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली आणि स्वदेशीच्या चळवळीने देश ढवळून निघाला. फाळके यांनी नोकरीचा त्याग केला आणि लोणावळ्यास ठसे तयार करण्याचा व छपाईचा कारखाना काढला. जवळच मळवली येथे राजा रविवर्मा यांच्या नावाने चालणारा छापखाना होता. त्या छापखान्यासाठीही फाळके यांनी काम केले. रविवर्म्यांनी रंगविलेल्या सरस्वती, लक्ष्मी, राम आणि कृष्ण यांच्या छापील तसबिरी त्या वेळी घरोघरी जाऊन पोहोचल्या होत्या. देवळातील देवाची तसबीर आता गरिबाच्या भिंतीवरही लागू लागली. त्याचबरोबर आणखी एक गोष्ट न कळत घडून आली. पूर्वी ज्याच्या त्याच्या मनात लक्ष्मीचे रूप निराळे होते. आता लक्ष्मी म्हटले, की असंख्य लोकांच्या डोळ्यांपुढे तीच एक तसबीर उभी राहू लागली. चित्र केवळ दाखवीत नाही, तर ते मनातील जुने रूप पुसून तेथे स्वतःचे रूप उमटविते. या घडामोडीत फाळके यांच्या हातांनी तयार झालेल्या ठशांचाही वाटा होता.

कारखाना पुढे मुंबईस दादर येथे आला व ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ या नावाने नावारूपास आला. रंगीत छपाईची नवी यंत्रे आणण्याकरिता १९०९ मध्ये फाळके जर्मनीस जाऊन आले. तथापि भागीदारांशी मतभेद झाल्यामुळे, स्वतः वाढविलेल्या त्या धंद्यातून ते बाहेर पडले. वयाची चाळिशी उलटली होती, पदरी मुलेबाळे होती आणि हातात उद्योग नव्हता.

अशा मनःस्थितीत असताना, १९१०-११ च्या सुमारास, मुंबईच्या एका चित्रपटगृहात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. हलती चित्रे मुंबईला अगदीच नवी नव्हती. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रांचा पहिला खेळ झाला होता आणि तेव्हापासून परदेशी चित्रे शहरात येतच होती. फाळके यांना त्या दिवशी जे दिसले, ते मात्र इतरांना दिसले नव्हते. पडद्यावर ख्रिस्ताचे चरित्र चालू असता त्यांच्या मनापुढे श्रीकृष्ण, श्रीराम, गोकुळ आणि अयोध्या यांची चित्रे सरकू लागली. आपल्या देशातील माणसांना आपल्या कथा अशा पडद्यावर कधी पाहावयास मिळतील, या विचाराने ते बेचैन झाले. लगोलग त्यांनी पत्नी सरस्वतीबाई यांनाही तो चित्रपट दाखविला.

हलत्या चित्राची किमया समजून घेण्यासारखी आहे. खरे पाहता पडद्यावर काहीच हलत नसते. लांब फितीवर एकापुढे एक अशी स्थिर चित्रे असतात आणि प्रत्येक चित्र आधीच्या चित्राहून किंचित निराळे असते. मूकपटांच्या काळी साधारणपणे एका सेकंदात अशी सोळा चित्रे पडद्यावरून जात. दोन चित्रांच्या मध्ये यंत्राची झडप आड येते व क्षणभर पडदा काळोखा होतो. तो काळोख डोळ्यांना जाणवत नाही, कारण ती सुटी चित्रे जोडून आपला मेंदू त्यांतून अखंड हालचाल निर्माण करतो. म्हणजे घोडा पडद्यावर धावत नसून पाहणाऱ्याच्या मनात धावत असतो. जादूचे प्रयोग केलेल्या फाळके यांना हे रहस्य विलक्षण मोहक वाटले यात नवल नाही.

त्यांनी या विद्येचा ध्यासच घेतला. लहानसे यंत्र व फिती विकत आणून ते घरी प्रयोग करू लागले. रोज चार-चार, पाच-पाच तास चित्रपट पाहावेत, उरलेला वेळ वाचनात व प्रयोगांत घालवावा, असा क्रम अनेक महिने चालला. झोपेला फारसा वेळ उरेना. खर्च भागविण्यासाठी घरातील चीजवस्तू विकण्याची पाळी आली. या अविश्रांत श्रमांचा परिणाम अखेर डोळ्यांवर झाला. दृष्टी मंद होत गेली आणि काही काळ तर त्यांना जवळजवळ दिसेनासे झाले. सर्व देशाला काही नवे दाखवू पाहणाऱ्या माणसाच्या स्वतःच्याच डोळ्यांपुढे अंधार पसरला. सुदैवाने एका कुशल नेत्रवैद्याच्या उपचारांनी व निरनिराळ्या चष्म्यांच्या साहाय्याने त्यांची दृष्टी परत आली. प्रकृतीची ही हानी पाहून आप्तेष्टांनी हा नाद सोडण्याविषयी त्यांना परोपरीने सांगितले. फाळके बरे होताच पुन्हा कामास लागले.

चित्रपट तयार करण्याची विद्या शिकण्यासाठी इंग्लंडला जाणे आवश्यक होते. त्यांनी आपल्या आयुष्याच्या विम्यावर कर्ज काढले आणि १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. तेथे चित्रपटविषयक एका साप्ताहिकाच्या संपादकांना ते ओळखदेख नसताना जाऊन भेटले. हिंदुस्थानच्या हवामानात हा धंदा साधणे कठीण आहे, असा इशारा त्या संपादकांनी दिला; पण या पाहुण्याची तळमळ पाहून त्यांनीच सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशी त्याची गाठ घालून दिली. हेपवर्थ यांच्या चित्रशाळेतील प्रत्येक विभाग फाळके यांनी नजरेखालून घातला. विल्यमसन कंपनीचा एक कॅमेरा व फितीला भोके पाडण्याचे यंत्र त्यांनी विकत घेतले, कोऱ्या फितींची मागणी नोंदविली आणि अवघ्या दोन महिन्यांत ते मुंबईस परत आले.

आता प्रश्न भांडवलाचा होता. कधी न पाहिलेल्या धंद्यात पैसा कोण घालणार? लोकांना पटवून देण्यासाठी फाळके यांनी एक साधा व सुंदर उपाय योजला. त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा तिच्यापुढे एकाच जागी ठेवला. ठरावीक अंतराने एकेक चित्र घेत त्यांनी महिन्याहून अधिक काळ हे काम चिकाटीने चालविले. मग ती सर्व चित्रे त्यांनी पडद्यावर एकापाठोपाठ एक दाखविली. पाहणाऱ्यांच्या देखत माती दुभंगली, अंकुर वर आला, त्याला पाने फुटली आणि वेल झरझर वाढू लागला. रोप वाढते हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असते. परंतु ते वाढताना कोणीही पाहिलेले नसते. निसर्गाची जी गती डोळ्यांच्या आवाक्याबाहेर होती, ती यंत्राने डोळ्यांच्या आवाक्यात आणून दिली. हा छोटा चित्रपट पाहून एका स्नेह्याने कर्ज देण्याचे मान्य केले. सरस्वतीबाईंनी आपले दागिने तारण म्हणून काढून दिले.

पहिल्या मोठ्या चित्रपटासाठी फाळके यांनी सत्यवचनी राजा हरिश्चंद्राची कथा निवडली. दादरच्या राहत्या बंगल्याच्या आवारात काम सुरू झाले. हरिश्चंद्राची भूमिका दत्तात्रेय दामोदर दाबके यांनी केली, तर रोहिदासाचे काम फाळके यांचा मुलगा भालचंद्र याने केले. अडचण होती ती तारामतीची. चित्रपटात काम करणे त्या वेळी एवढे हलके समजले जाई, की एकही स्त्री पुढे येईना. शेवटी ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात स्वयंपाकाचे काम करणारा अण्णा साळुंके नावाचा तरुण फाळके यांना दिसला. त्याची नाजूक अंगलट पाहून त्यांनी त्यालाच तारामती केले.

या उद्योगात सरस्वतीबाईंचा वाटा फार मोठा आहे. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्या करीत. दिवसा चित्रण चालू असताना उन्हाचा प्रकाश पात्रांवर परतविण्यासाठी पांढरी चादर धरून त्या उभ्या राहत. रात्री सर्वांची निजानीज झाल्यावर, अंधाऱ्या खोलीत बसून कोऱ्या फितीला भोके पाडण्याचे काम त्या करीत. फीत धुण्याची रसायने कालविणे, चित्रे तपासणे ही कामेही त्यांनी शिकून घेतली. पडद्यावर त्यांचे दर्शन कोणालाही झाले नाही. पण जे काही पडद्यावर दिसले, त्याच्यामागे त्यांचे रात्रंदिवसाचे श्रम होते.

सुमारे ३,७०० फूट लांबीचा ‘राजा हरिश्चंद्र’ पूर्ण झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी मुंबईच्या ऑलिंपिया नाटकगृहात निवडक निमंत्रितांना तो दाखविण्यात आला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात तो सर्वांसाठी खुला झाला. त्यापूर्वी १९१२ मध्ये ‘पुंडलिक’ हे नाटक चित्रित करून दाखविण्यात आले होते. तथापि सर्वस्वी भारतीय हातांनी घडलेला पहिला पूर्ण लांबीचा कथाचित्रपट म्हणून ‘राजा हरिश्चंद्र’ याचीच गणना होते. मुंबईत त्याचे उत्तम स्वागत झाले. सुरतेत मात्र पहिल्या खेळाला जेमतेम तीन रुपये उत्पन्न झाले. तेथील लोकांना थोड्या पैशांत बराच वेळ चालणारे नाटक पाहण्याची सवय होती. तासाभरात संपणारा खेळ त्यांना महाग वाटला. तेव्हा फाळके यांनी नवी जाहिरात काढली. सत्तावन्न हजार छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र अवघ्या तीन आण्यांत पाहावयास मिळेल, असे तीत सांगितले होते. लांबीचा आकडा अर्थातच फुगविलेला होता. चित्रांचा आकडा मात्र बहुतांशी खरा होता, कारण फुटाला सोळा चित्रे या हिशेबाने फितीवर तितकीच चित्रे भरतात. प्रेक्षकांची गर्दी लोटली. चित्र तेच होते. त्याच्याकडे पाहण्याची लोकांची दृष्टी तेवढी बदलली होती.

यानंतर फाळके यांनी आपले कार्य नाशिकला हलविले. ‘मोहिनी भस्मासुर’ या त्यांच्या पुढच्या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी कामे केली आणि स्त्रीची भूमिका स्त्रीनेच करण्याचा पायंडा पडला. १९१४ मध्ये ते आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तेथे राहून काम करण्याविषयी त्यांना विचारण्यात आले. परंतु हा धंदा स्वदेशातच रुजवावयाचा या निश्चयाने ते परत आले. पुढे महायुद्धामुळे पैशाची ओढाताण झाली, तरी त्यांचा हात थांबला नाही. १९१७ मध्ये त्यांचा ‘लंकादहन’ हा चित्रपट प्रसिद्ध झाला. त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका एकट्या अण्णा साळुंके यांनी केल्या होत्या. मुंबईत सकाळपासून उत्तररात्रीपर्यंत त्याचे खेळ चालत. मद्रासेत जमलेली नाणी बैलगाडीत घालून पोलिसांच्या पहाऱ्यात न्यावी लागली, असे सांगतात.

परंतु या चित्रपटांचा खरा परिणाम पैशाच्या राशीवरून मोजता येणार नाही. पडद्यावर राम अवतरला, की प्रेक्षक पायांतील जोडे काढून ठेवीत. श्रीकृष्ण प्रकट होताच कित्येक जण साष्टांग नमस्कार घालीत. समोर कापडाचा पडदा आहे, त्यावर प्रकाश आणि सावल्या यांवाचून काही नाही, राम झालेला मनुष्य काल-परवापर्यंत उपाहारगृहात राबत होता, हे सारे त्या क्षणी विसरले जाई. शेकडो वर्षे कानांनी ऐकलेला देव आज डोळ्यांदेखत चालत होता. मन पूर्वीपासून तयारच होते. चित्राने त्याला केवळ आकार दिला. शब्दही नव्हता असे नाही. मूकपट चालू असता पडद्यापुढे पेटी-तबल्याची साथ असे, आणि मध्ये मध्ये येणारा मजकूर साक्षर प्रेक्षक शेजाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवीत. वादकाने तबल्याची लय वाढविली, की मारुतीच्या उड्डाणात अधिक वेग भासे. डोळ्यांना दिसणाऱ्या चित्राचा अर्थ पुष्कळदा कान ठरवीत असत.

लोकांच्या मनावर एवढी सत्ता मिळाली असता एखाद्याने आपली विद्या गुप्त ठेवली असती. फाळके यांनी तसे केले नाही. चित्रपट कसा तयार होतो, हे दाखविणारा एक लहानसा चित्रपट त्यांनी १९१७ मध्ये मुद्दाम काढला व त्यात स्वतः काम करताना ते दिसले. १९१९ मधील ‘कालियामर्दन’ या चित्रपटात त्यांची लहानगी कन्या मंदाकिनी हिने बाळकृष्णाची भूमिका केली. त्या चित्रपटाच्या आरंभी ही मुलगी आपल्या साध्या वेषात प्रेक्षकांपुढे येते. तिच्या मुद्रेवर निरनिराळे भाव उमटतात, आणि मग त्याच मुलीचे बाळकृष्णात रूपांतर होते. ही मुलगी आहे, हे प्रेक्षकांना आधी दाखवून मगच फाळके तिला देव करतात. तरीही कालियाच्या फणेवर नाचणारा कृष्ण पाहताना लोकांना आनंदाचे भरते येईच. रचना कशी झाली हे समजल्यामुळे रसास उणेपणा येत नाही. मात्र पाहणारा भाबडा न राहता जाणता होतो. फाळके यांच्या थोरवीचा हा पैलू विशेष ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

१९१८ मध्ये भागीदारांच्या साहाय्याने नाशिकला ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ स्थापन झाली. भांडवलाची चिंता मिटली, पण भागीदारांची शिस्त आणि फाळके यांचा हट्टी कलावंत स्वभाव यांचे जमेना. ते कंपनी सोडून काशीस गेले. तेथे ‘रंगभूमी’ हे नाटक त्यांनी लिहिले. काही वर्षांनी ते पुन्हा कंपनीत आले व चित्रपट काढू लागले. परंतु पूर्वीचे दिवस परतले नाहीत. नवे तरुण दिग्दर्शक पुढे येत होते आणि प्रेक्षकांची आवड पालटत होती.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईत ‘आलमआरा’ हा पहिला भारतीय बोलपट झळकला आणि चित्रपटाचे सारे शास्त्रच बदलले. मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवीत. हात थोडा जलद किंवा सावकाश फिरला, तरी डोळा ते खपवून घेई. कान मात्र तसा क्षमाशील नाही. फितीची गती किंचित बदलली, तरी आवाज चिरका किंवा घोगरा होतो व कानाला ते तत्काळ खुपते. म्हणून बोलपटाची फीत यंत्राच्या साहाय्याने सेकंदाला चोवीस चित्रे अशा ठाम गतीने फिरवावी लागे. मूकपटाचे चित्रण चालू असताना दिग्दर्शक मोठमोठ्याने सूचना देऊ शके. आता त्याला मौन धरणे भाग पडले. सुंदर मुद्रा पुरेशी नव्हती. गोड गळा आणि शुद्ध उच्चार हवे होते. शिवाय मुंबईत निघालेला मूकपट मद्रासेतही कळत असे. बोलपट मात्र एका भाषेचा झाला. ध्वनीने चित्राला जिवंतपणा दिला, त्याबरोबरच त्याच्याभोवती भाषेचे कुंपणही घातले.

या पालटाचे स्वरूप एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. १९३२ मध्ये प्रभात कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट काढला. दिग्दर्शक होते व्ही. शांताराम. कथा तीच, सत्यवचनी हरिश्चंद्राची. परंतु १९१३ ची तारामती एक पुरुष होती आणि ती मुकी होती. एकोणीस वर्षांनंतरची तारामती म्हणजे दुर्गा खोटे ही सुशिक्षित स्त्री होती. ती बोलत होती, गात होती आणि तिचा विलाप प्रेक्षक स्वतःच्या कानांनी ऐकत होते. हरिश्चंद्राची भूमिका गोविंदराव टेंबे या नामवंत संगीतज्ञाने केली होती. फाळके यांनी उघडलेल्या वाटेने दुसरेच प्रवासी पुढे निघून गेले होते.

फाळके यांचा ‘सेतुबंधन’ हा मूकपट याच संक्रमणात सापडला व पुढे त्याला ध्वनीची जोड देणे भाग पडले. पासष्टीच्या घरात आलेल्या या वृद्धाने तरीही माघार घेतली नाही. कोल्हापूरच्या एका चित्रसंस्थेसाठी त्यांनी ‘गंगावतरण’ हा बोलपट दिग्दर्शित केला. तो १९३७ मध्ये प्रदर्शित झाला. तोच त्यांचा एकमेव बोलपट व अखेरचा चित्रपट ठरला. ज्या नदीच्या उगमाशी त्यांचा जन्म झाला, तिला दक्षिणेची गंगा म्हणतात. गंगेच्याच कथेने त्यांच्या कार्याची सांगता व्हावी हा योग विलक्षण म्हणावा लागेल. त्यानंतरची वर्षे त्यांनी नाशिकला विपन्नावस्थेत व बहुतांशी लोकांच्या विस्मरणात काढली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

सुमारे वीस वर्षांच्या काळात त्यांनी नव्वदांहून अधिक चित्रपट निर्माण केले. त्यांच्या बहुतेक फिती काळाच्या ओघात नष्ट झाल्या. जे थोडे भाग हाती आले, ते पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जतन केले. १९६९ पासून भारत सरकारने चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च सन्मानाला त्यांचे नाव दिले.

फाळके यांच्या मृत्यूनंतर पडदा नाटकगृहातून घरात आला आणि घरातून माणसाच्या तळहातावर येऊन बसला. दूरचे देश, होऊन गेलेले पुरुष, न पाहिलेली माणसे यांच्याविषयी आपल्याला जे ठाऊक असते, त्यातील पुष्कळसे आपण प्रत्यक्ष पाहिलेले नसते; कोणी तरी निवडलेल्या चित्रांतून आणि कोणी तरी जुळविलेल्या आवाजांतून ते आपल्या मनात उतरलेले असते. म्हणून दिसेल ते पाहताना, ते कोणी, कशासाठी आणि कसे दाखविले, हेही पाहावे लागते. स्वतःच्या मुलीला आधी मुलगी म्हणून दाखवून मग बाळकृष्ण करणाऱ्या दादासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वीच आपल्या प्रेक्षकांना तशी नजर दिली होती.